स्वातंत्र्यकवी गोविंद आणि मुलांचा मेळा



मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत या वेळी आपल्या गावातील एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र द्यावे असे ठरले, आणि ते काम अध्यक्षाबाईंनी माझ्याकडे सोपविले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु दुपारचा चहा होऊन संध्याकाळचा स्वयंपाक सुरू होईपर्यंतचा वेळ मी वाचनात घालवीत आले आहे, आणि १८४० सालापासून चालत आलेले सार्वजनिक वाचनालय आपल्याच गावात आहे. तेव्हा पुस्तकांची उणीव भासली नाही. कोणाचे चरित्र लिहावे याचाही मला फार विचार करावा लागला नाही. गणपतीत आपल्या आळीतील मुलांची मिरवणूक काढण्याची तयारी आपण सर्वजणी मिळून करतो. अशा मुलांच्या मिरवणुकीला ज्यांनी आपल्या नाशकात प्रथम खरे तेज आणले, ते कवी गोविंद ऊर्फ आबा दरेकर. त्यांची अल्पशी ओळख मी येथे करून देत आहे.

त्यांचे पूर्ण नाव गोविंद त्र्यंबक दरेकर. जन्म नाशिकचा, तारीख ९ फेब्रुवारी १८७४. घरची गरिबी होती. त्यातच लहानपणी आजारपणात त्यांचे दोन्ही पाय लुळे पडले. पुढे साऱ्या आयुष्यात ते चालू शकले नाहीत. ज्या वयात पोरे गंगेवर उड्या मारायला पळतात, त्या वयात हा मुलगा दुसऱ्याच्या आधाराची वाट पाहत बसून असे. शाळेचे शिक्षणही बेताचेच झाले. आपण सर्वजणी मुलाबाळांच्या आहोत. अशा मुलाच्या आईच्या जिवाला काय वाटत असेल, ते मी वेगळे सांगायला नको.

पण देवाने एक हात आखडता घेतला तरी दुसरा मोकळा ठेवला होता. आबांचा कान तयार होता. तमाशाचे फड, भजने, पोवाडे, जे कानावर पडेल ते त्यांच्या मनात मुरत असे. मग त्यांनी स्वतःच कवने जुळवायला सुरुवात केली. सुरुवातीची त्यांची रचना म्हणजे तमाशासाठी केलेल्या लावण्या. काही जणी हे वाचून नाक मुरडतील, पण मला त्यात कमीपणा वाटत नाही. लावणीची चाल अशी असते की एकदा ऐकली की दुसऱ्या दिवशी पाणी भरतानाही ओठांवर येते. लोकांच्या तोंडी बसेल असे गाणे कसे रचावे, ही विद्या आबांना कोणत्या पाठशाळेत मिळाली नाही. ती त्यांना तेथेच मिळाली, आणि पुढे तीच देशाच्या कामी आली.

तो काळ कसा होता हे थोडे सांगितले पाहिजे. पुण्यात १८९३ साली गणेशोत्सव सार्वजनिक स्वरूपात सुरू झाला. लोकमान्य टिळकांनी तो उचलून धरला आणि पाहता पाहता तो गावोगाव पसरला. त्या उत्सवाचे मोठे आकर्षण म्हणजे मेळे. आजच्या मुलांना मेळा म्हणजे काय ते सांगावे लागते. दहापंधरा किंवा त्याहून जास्त मुले एकसारखा पोशाख करून, कधी मावळ्यांचा वेष घेऊन, टिपऱ्या किंवा लेझीम हातात घेऊन रांगेने निघत. पुढचा एकजण पद म्हणे आणि बाकीचे त्याच्यामागून ते झेलीत. या गणपतीपुढून त्या गणपतीपुढे असा मेळा रात्री उशिरापर्यंत फिरे. पदे देवाची असत, शिवाजीमहाराजांची असत, आणि त्यांच्या आडून देशाचीही असत. सभेला न जाणारी बाईमाणसे मेळ्याची पदे मात्र ओट्यावर उभी राहून ऐकत. ज्याला वर्तमानपत्र वाचता येत नव्हते त्यालाही पद समजत होते.

याच सुमारास, १८९९ मध्ये, नाशकात प्लेगने थैमान घातले. भगूरच्या सावरकर बंधूंचे वडील त्यात गेले. थोरले बाबाराव, मधले विनायकराव आणि धाकटे नारायणराव असे तिघे भाऊ नाशकात तिळभांडेश्वराच्या गल्लीत राहू लागले. १९०० सालच्या आरंभी त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी मित्रमेळा ही संस्था सुरू केली. बाहेरून पाहणाऱ्याला तो उत्सव करणाऱ्या पोरांचा मेळा दिसे. आत मात्र देश स्वतंत्र कसा होईल याच्या चर्चा चालत. त्यांच्या बैठका भरत त्या आबा दरेकरांच्या खोलीत. आबांना कोठे जाता येत नव्हते, म्हणून सारी मंडळी त्यांच्याकडे येत.

विनायकराव तेव्हा सोळा-सतरा वर्षांचे आणि आबा पंचविशी ओलांडलेले. परंतु वयाचा मान मध्ये आला नाही. त्या मुलाच्या बोलण्याने आबांची लेखणी वळली. त्यांनी इतिहास वाचला, संतांचे व पंडितांचे ग्रंथ वाचले. लावण्या मागे पडल्या आणि मित्रमेळ्याच्या मुलांसाठी पदे, पोवाडे आणि संवाद यांचा ओघ सुरू झाला. अफझलखानाच्या वधाचा पोवाडा, शिवाजी आणि मावळे यांचा संवाद, अशा रचना मुले वेष घेऊन मिरवणुकीत आणि उत्सवात म्हणू लागली. चाल ओळखीची, शब्द सोपे आणि अर्थ मात्र निखाऱ्यासारखा. ऐकणाऱ्याला कळे की खान म्हणजे जुना खान नव्हे, आणि मावळा म्हणजे हा समोरचा पोर.

येथे मला नेहमी एक विचार येतो. मेळा रस्त्याने निघे तेव्हा तो रचणारा माणूस खोलीतच असे. टिपऱ्यांचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू येऊन पुढे विरत जात असेल. शंभर पावले ज्यांना चालता आले नाही, त्यांचे शब्द पोरांच्या पायांनी सबंध नाशिक फिरून येत होते.

ही पदे मुलांपुरतीच राहिली नाहीत. बाबारावांच्या पत्नी यशोदाबाई, ज्यांना सगळे येसूवहिनी म्हणत, त्यांनी नाशकातील स्त्रियांना जमवून आत्मनिष्ठ युवती संघ चालविला. आपल्यासारख्याच घरच्या बायका, दुपारी एकत्र बसत, स्वदेशी वापरण्याच्या शपथा घेत, वर्तमानपत्रे वाचीत आणि आबांची पदे म्हणत. ज्या काळी बाईने मोठ्याने गाणे म्हणायचे ते ओवी नाहीतर आरती, त्या काळी हे चालले होते. आपले मंडळ आज ज्या वाटेने चालले आहे, ती वाट त्या बायकांनी आपल्या गावात सव्वाशे वर्षांपूर्वी पाडली. हे आपल्याला अभिमानाने सांगता आले पाहिजे.

पुढे १९०४ मध्ये मित्रमेळ्याचे अभिनव भारत झाले. विनायकराव १९०६ मध्ये विलायतेस गेले. इकडे बाबारावांनी आबांच्या कविता छापून काढल्या. सरकारला बंदुकीची जितकी भीती असते तितकीच गाण्याची असते असे म्हणावे लागते, कारण त्या छोट्याशा पुस्तकासाठी जून १९०९ मध्ये बाबारावांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि त्यांची मालमत्ता जप्त करण्याचा हुकूम निघाला. त्याच वर्षी २१ डिसेंबरला विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन याचा अनंत कान्हेरे याने वध केला. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे हे तिघे तरुण फासावर गेले. नाशकात धरपकड, झडत्या आणि खटले यांचा वरवंटा फिरला. आबांच्या कविता जप्त झाल्या. मेळ्यांच्या पदांवरही पुढे सरकारची करडी नजर राहिली.

येसूवहिनींच्या वाट्याला जे आले ते लिहिताना हात थांबतो. पती अंदमानात, घरदार गेलेले. पतीला भेटण्याची परवानगी मिळावी म्हणून त्या वर्षानुवर्षे अर्ज करीत राहिल्या. १९१९ मध्ये त्या वारल्या, आणि परवानगीचा कागद त्यांच्या मृत्यूनंतर आला. आबांच्या मनावर या साऱ्याचे ओझे किती असेल! कविता त्यांच्या, आणि त्या छापल्या म्हणून संसार उद्ध्वस्त झाला तो जिवलग मित्राचा. तरी त्यांची लेखणी थांबली नाही. टिळकांवर त्यांनी भूपाळी रचली. कागद जप्त करता येतो, पण पाठ झालेले पद कोण कसे जप्त करणार? ते बायकापोरांच्या तोंडी राहिले.

सरकारने गाण्याला भ्यावे हे आपल्याच देशात घडले असे मात्र नाही. वेस्ट इंडीज म्हटले की आपल्या मुलांना क्रिकेट आठवते. तेथील त्रिनिदाद बेटावर कार्निव्हल नावाचा मोठा उत्सव असतो. आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या लोकांच्या वंशजांनी, गुलामगिरी संपल्यावर, तो आपला करून टाकला. रंगीत पोशाख, पिसांचे मुकुट आणि ढोलांचा गजर. तेथेही राज्य इंग्रजांचेच. १८८१ मध्ये त्या उत्सवात पोलीस आणि लोक यांची मोठी चकमक झाली आणि पुढे सरकारने ढोलांवर बंदी घातली. लोकांनी ढोल ठेवून दिले आणि बांबूचे तुकडे आपटून ताल धरला. काही दशकांनी तेलाच्या रिकाम्या पिंपांपासून त्यांनी नवेच वाद्य घडविले. त्याच बेटांतील लोक पुढे पोटासाठी लंडनला गेले, तेथे अपमान सोसले, आणि आपला उत्सवही त्यांनी बरोबर नेला. क्लॉडिया जोन्स या त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या बाईने १९५९ मध्ये लंडनच्या एका सभागृहात तो भरविला. आता तेथे नॉटिंग हिल भागात दर ऑगस्टअखेर कार्निव्हल निघतो आणि त्यातला रविवार मुलांचा असतो. लहान लहान मुले मोठाले पंख लावून रस्त्याने नाचत जातात. दूरदर्शनवर ते पाहताना मला आपला मेळाच आठवला. मुलांना नटवून रस्त्यावर आणणे म्हणजे आम्ही आहोत, आणि आमच्यामागून हे येत आहेत, असे जगाला सांगणे होय. हे आबांना फार पूर्वी कळले होते.

आबांचे शेवटचे दिवस आजारपणात गेले. देह आधीच पंगू, त्यात रोगाने पोखरलेला. अशा अवस्थेत अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी 'सुंदर मी होणार' ही कविता रचली. मरण म्हणजे जुना, गांजलेला देह टाकून नवा, सुंदर देह मिळणे, असा तिचा भाव आहे. ज्यांना जन्मभर देहाने छळले, त्यांनी देहाविषयी कडवट शब्द न काढता मरणाकडे नव्या वस्त्राकडे पाहावे तसे पाहिले. पुढे पु. ल. देशपांडे यांनी आपल्या एका नाटकाला हेच नाव दिले, आणि त्या नाटकाची नायिकाही पायांनी अधू आहे. २८ फेब्रुवारी १९२६ रोजी आबांनी देह ठेवला. स्वातंत्र्य पाहायला ते राहिले नाहीत. त्यांच्या कविता संख्येने फार नाहीत, परंतु स्वातंत्र्यकवी ही पदवी लोकांनीच त्यांना दिली. तिळभांडेश्वराच्या गल्लीत त्या दिवसांची आठवण म्हणून पुढे अभिनव भारत मंदिर उभे राहिले. आपल्यापैकी कितीतरी जणी त्या बाजूला भाजी आणायला, कापड घ्यायला जातात. मुलांचे बोट धरून एकदा तिकडेही वळावे.

आता शेवटी आपल्या आळीविषयी थोडे लिहिते. गेल्या गणपतीत मुलांच्या मिरवणुकीची तालीम चालली असता पायांना पट्टे लावणारा आपल्याकडचा एक मुलगा रोज ओट्यावर बसून ती पाहत असे. त्याच्यामुळे रांग मागे पडेल असे कोणी म्हणाले आणि तो विषय तेथेच राहिला. मुद्दाम कोणी दुष्टावा केला नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण मला इतके दिसले की सर्व पदे त्या मुलाला पाठ होती, आणि चालणारी मुले अडली की ती मागे वळून त्याच्याकडे पाहत. माझी मंडळाला अशी सूचना आहे की यंदा फुलांनी सजविलेली हातगाडी करावी, तीत त्याला बसवावे आणि पद उचलण्याचे काम त्यालाच द्यावे. रांग त्याच्या चालीने चालेल. गंगेवर पोहोचायला अर्धा तास उशीर झाला तर होऊ द्यावा.

दुसरी सूचना गाण्यांची. ढोल आपल्या नाशिकची शान आहे, तो हवाच. पण कर्ण्यातून सिनेमाची गाणी लावून मुलांनी नुसते हात हलवायचे, त्यापेक्षा दोन पदे तरी आपण आपली रचावीत. आपल्या मंडळात जात्यावरच्या ओव्या जाणणाऱ्या आजी आहेत, भजनी मंडळातल्या काकू आहेत, चालींना तोटा नाही. आबा फार शिकलेले नव्हते. शाळा कमी झाली म्हणून आपणही मागे राहण्याचे कारण नाही. येत्या श्रावणातल्या पहिल्या शुक्रवारी हळदीकुंकवानंतर ज्यांना यात मदत करायची असेल त्यांनी माझ्याकडे यावे. वही-पेन्सिल मी काढून ठेवते.