लाल रंगाचा डॉक्टर

आमच्या नागऱ्यात रोवणीच्या चिखलात बहिणीच्या बोटात काटा मोडला अन् हात कोपरापर्यंत सुजला. पहिलं औषध लागूच पडेना; दुसऱ्याने उतार पडला. होस्टेलवर परतल्यावर मी गेरहार्ड डोमाकचं (१८९५-१९६४) चरित्र वाचलं, तर त्याच्याही सहा वर्षांच्या पोरीच्या हातात सुई घुसलेली!

पहिल्या महायुद्धात जखमा सडून मरणारे सैनिक या जर्मन डॉक्टरने पाहिले होते. १९३२ मध्ये प्रॉन्टोसिल या लाल रंगाने त्याने उंदीर वाचवले. मुलीचा हात कापायची वेळ आली तेव्हा तिलाही तेच दिलं. हात वाचला. १९३९ चं नोबेल मात्र नाझींनी नाकारायला लावलं, वर कोठडी. पदक १९४७ मध्ये मिळालं, पैसे नाहीतच.

या रंगातून शरीरात सल्फानिलामाइड सुटतं. त्याचं बेंझिनचं कडं जीवाणूंच्या कच्च्या मालासारखं दिसतं. त्यांचं एन्झाइम फसतं, फॉलिक आम्ल बनत नाही. पण १९४० च्या दशकातच जीवाणू सावरले. काहींच्या जनुकात बदल होऊन एन्झाइमचा साचाच बदलला. काहींनी न फसणाऱ्या एन्झाइमचं जनुक प्लास्मिडवरून शेजाऱ्याकडून उचललं, आपल्या नोट्स रूम-टू-रूम फिरतात तसं!

डोमाक तोवर क्षयाच्या औषधामागे लागला होता.