श्वासाचे मोजमाप घेणारे योगी : स्वामी कुवलयानंद

उन्हाळ्याची सुटी लागली आणि विहिरींना पाणी उरले असले, की हिंगोली जिल्ह्यातील सेनगावकडच्या गावांत मुले पोहावयास जमतात आणि पाण्याखाली अधिक वेळ कोण राहतो याची पैज लागते. बुडी मारण्यापूर्वी भराभर दहा-वीस खोल श्वास घेतले म्हणजे छातीत पुष्कळ प्राणवायू साठतो, अशी त्यांची समजूत असते. प्राणायाम करणाऱ्या अनेक सुशिक्षित प्रौढांचीही समजूत याहून फारशी निराळी नसते. ती तपासून पाहण्याचे कष्ट ज्या मराठी माणसाने सुमारे नव्वद वर्षांपूर्वी घेतले, त्याची ओळख आम्ही आज आमच्या वाचकांना करून देत आहोत.

स्वामी कुवलयानंदांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. त्यांचा जन्म 30 ऑगस्ट 1883 रोजी गुजरातमधील डभोई येथे एका गरीब मराठी कुटुंबात झाला. संस्कृतात ते हुशार होते. मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांनी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविली. बडोद्यास राजरत्न माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायामशाळेत 1907 ते 1910 या काळात त्यांनी शरीर कमावले. पुढे खानदेशात अमळनेर येथे ते शिक्षक झाले व तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यही झाले. नर्मदाकाठच्या मालसर येथील परमहंस माधवदासजी यांच्याकडून त्यांना योगाची दीक्षा मिळाली.

येथवरची हकीगत त्या काळच्या अनेक देशभक्त तरुणांसारखीच आहे. मात्र गुरूने शिकविलेली क्रिया करून गुणे यांचे समाधान झाले नाही. तिच्यामुळे शरीरात नेमके काय घडते, हे त्यांना यंत्राने पाहावयाचे होते. 1920-21 च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी क्ष-किरणांच्या साह्याने उड्डियान व नौली या क्रियांची तपासणी केली. नौली करताना मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, असे त्यांना आढळले. या पोकळीला त्यांनी आपल्या गुरूंचे नाव दिले. 1924 साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. गांधीजींनीही 1927 मध्ये प्रकृतीच्या बाबतीत त्यांचा सल्ला घेतला होता.

आम्हाला विशेष मोलाचे वाटते ते त्यांचे श्वसनाविषयीचे काम. 1930 च्या दशकाच्या आरंभी त्यांनी प्राणायाम करणाऱ्यांच्या उच्छ्वासातील वायूंचे मोजमाप घेतले. श्वास रोखून धरणाऱ्या प्राणायामात दर मिनिटाला मिळणारा प्राणवायू साध्या श्वसनापेक्षा जास्त नसतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. प्राणायामाचा लाभ मज्जासंस्थेला मिळणाऱ्या वळणात व शरीरातील दाबांच्या बदलात शोधावा, असे त्यांचे मत झाले. ज्या विद्येला आयुष्य वाहिले, तिच्याविषयीची लोकप्रिय समजूत स्वतःच खोडून काढावयाची, याला धैर्य लागते. मूळचे केरळचे आणि अमेरिकेतील येल विद्यापीठाचे संशोधक कोवूर बेहनन हे त्यांच्याकडे शिकावयास आले. प्राणायामाच्या काही प्रकारांत प्राणवायूचा वापर वाढतो, असे बेहनन यांना आढळले. आकडे सर्वत्र जुळले नाहीत, पण वाद आता मोजमापांचा झाला होता.

स्वामींनी मज्जासंस्थेकडे बोट दाखविले ते योग्यच होते. आपण झोपलेले असतानाही श्वास चालू ठेवणारी यंत्रणा मेंदूच्या देठात, लंबमज्जेत आहे. तेथील पेशींच्या एका लहान समूहाला प्री-बॉट्झिंगर संकुल म्हणतात. श्वासाचा ताल येथून निघतो, हे 1991 मध्ये दाखविले गेले. म्हणजे स्वामींना हे ठाऊक असणे शक्यच नव्हते. (त्याच्या शेजारच्या भागाला बॉट्झिंगर हे नाव एका जर्मन मद्यावरून पडले; शास्त्रज्ञही माणसेच!) या पेशी परस्परांशी रसायनांच्या द्वारे बोलतात. ग्लुटामेट चेतविते, तर गाबा व ग्लायसीन आवरून धरतात. संदेश कण्यातून मानेच्या मज्जातंतूंकडे व तेथून श्वासपटलापर्यंत जातो, पटल खाली सरकते आणि हवा आत येते. अफूजन्य औषधांची मात्रा अधिक झाल्यास रोगी दगावतो, कारण हा ताल मंदावत जाऊन थांबतो.

श्वास कधी वाढवावयाचा, हे मुख्यतः कार्बन डाय-ऑक्साइड ठरवितो. इंग्लंडमध्ये हॉल्डेन व प्रीस्टली यांनी 1905 मध्येच हे दाखविले होते. हा वायू रक्तात वाढला की आम्लता वाढते, लंबमज्जेतील पेशींना ती जाणवते आणि श्वासाची ओढ लागते. प्राणवायूच्या कमतरतेची वर्दी मुख्यतः मानेतील धमन्यांजवळचे लहान पिंड देतात. धमन्यांतील या यंत्रणेच्या शोधाबद्दल कॉर्नेल हेमान्स यांना 1938 चे नोबेल पारितोषिक मिळाले. पण ही वर्दी उशिरा पोहोचते.

आता विहिरीवरच्या मुलांकडे वळू. भराभर श्वास घेतल्याने रक्तातील प्राणवायू फारसा वाढत नाही, कारण तो आधीच जवळजवळ पूर्ण भरलेला असतो. कार्बन डाय-ऑक्साइड मात्र धुऊन निघतो. मग पाण्याखाली गेलेल्या मुलाला गुदमरल्यासारखे वाटतच नाही. इशारा देणारा वायू पुन्हा साठण्याआधीच प्राणवायू संपतो आणि मूल कसलीही धडपड न करता बेशुद्ध होते. काठावरच्यांना वाटते, गडी पैज जिंकतो आहे. ज्या पालकांची मुले विहिरीवर जातात, त्यांनी एवढी गोष्ट त्यांना आजच सांगावी, ही आमची कळकळीची विनंती आहे. पोहणे थांबवा असे आम्ही म्हणत नाही. बुडीपूर्वीचे ते भराभर श्वास थांबवा आणि श्वास कोंडण्याच्या पैजा बंद करा.

काठावर बसून इच्छेने श्वास रोखणाऱ्याचे तसे होत नाही. थोरल्या मेंदूची आज्ञा काही काळ चालते; नंतर लंबमज्जा ती मोडून काढते आणि तोंड आपोआप उघडते. सेमिनरीत गायनाचा सराव करताना लांब ओळ एका दमात म्हणण्याच्या हट्टापायी आम्हीही हा पराभव अनेकदा अनुभवला आहे. कुंभकाचा काळ हळूहळू, शिक्षकासमोरच वाढवावा, हा लोणावळ्याचा शिरस्ता याच अनुभवावर उभा आहे.

स्वामींचे काम पुढेही वाढत गेले. 1930 च्या दशकात मुंबईत शाखा निघाली, 1951 मध्ये लोणावळ्यास योगाचे महाविद्यालय सुरू झाले आणि 1960 च्या दशकाच्या आरंभी रुग्णालयही उभे राहिले. 18 एप्रिल 1966 रोजी त्यांचे निधन झाले. हवाबंद खड्ड्यात बसलेल्या माणसांचे श्वसन मोजण्याचे प्रयोग त्यांच्या संस्थेत झाले होते. त्यांचा अहवाल त्यांच्या सहकाऱ्यांनी 1968 मध्ये वैद्यकीय संशोधनाच्या भारतीय नियतकालिकात छापला.