हाफकिन आणि गाठीचा ताप

मुंबईच्या परळ भागातील हाफकिन संस्थेचे नाव महाराष्ट्रात सर्वतोमुखी आहे. ज्या गृहस्थाचे ते नाव, तो मात्र त्या मानाने अल्पपरिचित राहिला. १८९६-९७ चा प्लेग मराठी मनात ठसला तो रँडच्या वधामुळे, चाफेकर बंधूंच्या फाशीमुळे, टिळकांवरील राजद्रोहाच्या खटल्यामुळे आणि रोग्यांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी निवर्तलेल्या सावित्रीबाई फुले ह्यांच्यामुळे. त्याच महिन्यांत, त्याच इलाख्यात एक परदेशी संशोधक ह्या रोगाचा निराळ्या रीतीने पाठपुरावा करीत होता, ही गोष्ट त्या कोलाहलात मागे पडली.

वाल्देमार हाफकिन ह्यांचा जन्म १८६० साली रशियन साम्राज्यातील ओदेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. मेचनिकोव्ह ह्यांचे ते शिष्य. धर्मांतरास नकार दिल्यामुळे प्राध्यापकपदाची वाट बंद झाली, आणि जिनीव्हामार्गे ते १८८९ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आले, तेही प्रथम ग्रंथपाल म्हणून. तेथे त्यांनी पटकीवरील लस सिद्ध केली व १८९२ च्या जुलैत ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढल्याच वर्षी ते हिंदुस्थानात आले. कलकत्त्याच्या वस्त्यांत काम करताना त्यांची खरी पद्धत आकारास आली : एकाच वस्तीत, एकाच पाण्यावर राहणाऱ्यांपैकी काहींना टोचावयाचे, काहींना नाही, आणि मग दोन्हींकडील आजारी व मृत मोजावयाचे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. व्हिएगस ह्यांनी प्लेगचे निदान केले. ऑक्टोबरात हाफकिन मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली, तिच्यापुढचा व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई एवढेच मिळाले. शेळीच्या मांसाच्या अर्कात तुपाचे थेंब सोडून त्यांखाली त्यांनी जंतू वाढविले, तापवून मारले आणि १० जानेवारी १८९७ रोजी त्या द्रवाची भरपूर मात्रा स्वतःस टोचून घेतली. तापाने फणफणले, पण वाचले. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा राजी असलेल्या कैद्यांना टोचण्यात आले. न टोचलेल्या १७२ जणांत १२ आजारी पडले व ६ दगावले. टोचलेल्या १४७ जणांत दोघे आजारी, मृत्यू एकही नाही.

त्याहून बोलका प्रयोग १८९८ मध्ये बडोद्याजवळच्या उंढेरा गावी झाला. प्रत्येक घरातील निम्म्या माणसांना टोचावयाचे, म्हणजे एकाच छपराखाली तुलना होते. ज्या घरांत पुढे प्लेग आला, तेथील न टोचलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले आणि २६ गेले. टोचलेल्या ७१ पैकी ८ आजारी, मृत्यू ३. एका घरातील कोणाला वाचवावयाचे व कोणाला नाही, हा प्रश्न आजच्या वाचकास खटकेल, आणि तो खटकलाच पाहिजे. तथापि लशीची खात्री पटण्यास त्या काळी दुसरा मार्ग नव्हता, हेही मान्य करावे लागते.

पुण्यात ह्याच सुमारास सैनिक घरांत शिरत होते, सामान जाळीत होते, माणसे छावण्यांत नेत होते. रोग उंदरांवरील पिसवांनी पसरतो, हे सिमों ह्यांनी कराचीत १८९८ मध्ये दाखविले. त्यापूर्वी सरकारचा बहुतेक आटापिटा भिंती आणि कपड्यांवर चालला होता. हाफकिन ह्यांचा भर राजीखुशीवर होता. लस ह्या शब्दाने मराठी माणसास जखमेतून पाझरणारा द्रव आठवे, आणि देवी काढून घेण्याची सवय असूनही ह्या नव्या टोचणीविषयी अफवा उठतच होत्या. तरुण आगाखान स्वतः पुढे होऊन टोचून घेते झाले, आपला बंगला प्रयोगशाळेस दिला, आणि खोजा समाज मोठ्या संख्येने आला. फर्मानाने जे साधले नसते ते ह्या एका कृतीने साधले. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात गेली.

पुढे घडले ते क्लेशकारक आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी १०७ जणांना टोचण्यात आले. त्यांपैकी एकाच बाटलीतील लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. चौकशी समितीने दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला. हाफकिन ह्यांनी कार्बोलिक आम्लाऐवजी उष्णतेवर विसंबण्याची जी रीत पाश्चर संस्थेतून घेतली होती, तीच त्यांच्याविरुद्ध उभी राहिली. ते निलंबित होऊन युरोपात परतले. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता पुन्हा वापरला गेला, ही साक्ष कागदपत्रांत होतीच. ती वाचण्याची घाई कोणास नव्हती. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस प्रभृती दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र प्रसिद्ध केले, तेव्हा कोठे कलंक धुतला गेला.

ते परत आले, पण परळला नव्हे, कलकत्त्यास. तेथून निवृत्त होऊन ते युरोपास गेले. मुंबईहून १९२५ पर्यंत त्यांच्या लशीच्या सुमारे दोन कोटी साठ लाख मात्रा बाहेर गेल्या होत्या, आणि त्याच वर्षी परळच्या प्रयोगशाळेस त्यांचे नाव देण्यात आले. अविवाहित हाफकिन २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझान येथे वारले; आपली संपत्ती त्यांनी पूर्व युरोपातील ज्यू धर्मपाठशाळांसाठी ठेवली होती.