निसर्गाचा जमाखर्च मांडणारा हिशेबनीस

तांदळाच्या दाण्यावरचा तपकिरी कोंडा काढून टाकावा की ठेवावा, हा प्रश्न स्वयंपाकघरातला वाटतो. एका निष्णात हिशेबनिसाने मात्र तो देशाच्या अर्थकारणाचा आणि आरोग्याचा प्रश्न मानला आणि त्याच्या उत्तरासाठी उमेदीची वर्षे वर्ध्यात घालवली. त्यांचे नाव जे. सी. कुमारप्पा.

४ जानेवारी १८९२ रोजी तंजावरच्या एका तमिळ ख्रिस्ती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. तेव्हा ते जोसेफ चेल्लादुराई कॉर्नेलियस होते. लंडनमध्ये हिशेबतपासणीचे शिक्षण घेऊन त्यांनी मुंबईत व्यवसाय सुरू केला आणि तो चांगला चाललाही. पुढे ते अमेरिकेला गेले. कोलंबिया विद्यापीठात भारताच्या सार्वजनिक वित्ताचा अभ्यास करताना देशाच्या दारिद्र्याची मुळे परकीय राजवटीच्या आर्थिक धोरणात आहेत, हे त्यांना आकड्यांतूनच दिसले. १९२९ मध्ये परतल्यावर साबरमतीला त्यांची गांधीजींशी भेट झाली. सुटाबुटातले कॉर्नेलियस खादीतले कुमारप्पा झाले. हे त्यांच्या घराण्यातले जुने नाव. गुजरातेतील मातर तालुक्यात गावोगावची पाहणी करून त्यांनी शेतकऱ्याच्या घरचा जमाखर्च कागदावर आणला.

डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याची धुरा कुमारप्पांकडे आली. संघाचे ठाणे होते वर्ध्याची मगनवाडी. तिथे हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ, घाणीचे तेल, गूळ, मधमाशापालन, साबण, हातकागद यांवर प्रयोग आणि प्रशिक्षण चाले. चिंध्या आणि रद्दी भिजवून, कुटून त्यांच्या लगद्यापासून कागद होई. ताडाच्या रसापासून गूळ करण्यावर कुमारप्पांचा विशेष भर होता. ताड पडीक जमिनीवरही वाढतो, त्यामुळे गोडाची गरज भागवताना धान्याची सुपीक जमीन उसाखाली घालावी लागत नाही, हा त्यामागचा हिशेब. रॉकेलऐवजी वनस्पतिजन्य तेलावर जळणारा ‘मगनदीप’ हा कंदीलही तिथलाच.

आता तांदळाकडे येऊ. दाण्याच्या बाहेरच्या थरात आणि अंकुरात ब-१ जीवनसत्त्व, तंतू आणि थोडे तेल असते. गिरणीत तांदूळ पांढराशुभ्र होईपर्यंत घासला की हे सारे निघून जाते. ज्यांच्या ताटात भाताशिवाय फारसे काही नसते, त्यांना अशा तांदळामुळे ब-१च्या अभावी बेरीबेरी होऊ शकतो. या रोगात नसा आणि हृदय दुबळे होते.

मग लोक पॉलिशचा तांदूळ का घेतात? दिसायला चांगला, लवकर शिजणारा, हे खरेच. त्याशिवाय तो टिकतोही जास्त. कोंड्यातले तेल हवेच्या संपर्कात खवट होते. कोंडाच काढला की तांदूळ महिनोन्‌महिने साठवता येतो आणि शेकडो मैल पाठवता येतो. हातसडीचा तांदूळ मात्र लागेल तसा, जवळच सडून घ्यावा लागतो. म्हणजे पोषण आणि जवळचे अन्न या गोष्टी इथे एकमेकींशी बांधलेल्या आहेत. गावातच तांदूळ सडला तर कोंडा गुरांना मिळतो, सडणाऱ्याला मजुरी मिळते. घाणीचेही तसेच. तेल घरात, पेंड गोठ्यात आणि शेण शेतात. कोकणातल्या उकड्या तांदळानेही हा प्रश्न आपल्या परीने सोडवला आहे. भात टरफलासकट उकडताना ब-१चा काही भाग दाण्यात मुरतो आणि सडल्यावरही टिकून राहतो.

‘भारत छोडो’ आंदोलनाच्या काळात कुमारप्पा जबलपूरच्या तुरुंगात होते. तिथे त्यांनी शाश्वत अर्थव्यवस्थेवरचे आपले प्रसिद्ध पुस्तक लिहिले. त्यात निसर्गातील व्यवहारांची प्रतवारी आहे. आमराईत उड्या मारून फळे खाणारे, पण झाडासाठी काहीच न करणारे माकड खालच्या पायरीवर. पोळ्यासाठी राबणारी मधमाशी वरच्या पायरीवर. पिलाला भरवून परतफेडीची अपेक्षा न ठेवणारी पक्षीण सर्वांत वर. दुसरा भेद साठ्याचा आणि प्रवाहाचा. कोळसा आणि खनिज तेल हे साठे, वापरले की कमी होणारे. लाकूड, धान्य, नदीचे पाणी हे प्रवाह, पुन्हा भरून येणारे. साठ्यांवर जगणाऱ्या समाजात त्यांच्या मालकीसाठी युद्धे होतात, असे त्यांचे निदान होते. हवामानबदलाची चर्चा सुरू होण्याच्या कितीतरी आधीचे हे लेखन आहे.

स्वातंत्र्यानंतर काँग्रेसच्या शेतीसुधारणा समितीचे ते अध्यक्ष झाले. पण देशाने मोठ्या उद्योगांचा मार्ग धरला होता आणि कुमारप्पा आपला विरोध स्पष्ट बोलून दाखवत. हळूहळू ते एकटे पडले. अखेरची वर्षे त्यांनी मदुराईजवळच्या टी. कल्लुपट्टीत काढली. ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या स्मृतिदिनीच, त्यांचे निधन झाले.

त्यांचे सगळे म्हणणे आज जसेच्या तसे लागू होईल असे नाही. एवढ्या मोठ्या शहरांना धान्य दुरूनच येणार. हातसडीचा असला तरी तो भातच, तेव्हा मधुमेहींनी प्रमाण सांभाळायलाच हवे. पण त्यांची हिशेबाची रीत घरात वापरता येते. हातसडीचा तांदूळ आणि घाणीचे तेल महिनाभर पुरेल इतकेच आणावे, खवट वास आला तर वापरू नये. कापड फाटले तर त्याची पिशवी होते का पाहावे. कोपऱ्यावरच्या दुकानात जायला सायकल पुरते का, तेही पाहावे. आणि कोणतीही वस्तू घेताना किमतीच्या शेजारी आणखी एक रकाना मनात आखावा : हे साठ्यातून आले की प्रवाहातून?