संग्रहव्रती कै. काकासाहेब केळकर

पैठण म्हटले की आपल्या ज्ञातिभगिनींना पैठणी आठवते व वडीलधाऱ्यांना नाथषष्ठी. परंतु आमच्या छत्रपती संभाजीनगरापासून सुमारे ५० किलोमीटरांवरील या क्षेत्राचे नाव जुन्या चित्रांच्या एका शैलीसही मिळालेले आहे. ही चित्रे चित्रकथींची होत. गावोगाव फिरणारा चित्रकथी एकेक पान श्रोत्यांपुढे धरून रामायण-महाभारतातील आख्यान गात असे. दोन कागद पाठीस पाठ लावून चिकटविलेले, दोन्ही अंगांस चित्र, ठसठशीत रेषा, मोठाले डोळे. ज्यांना अक्षरओळख नव्हती अशा खेडुतांची ती पोथीच होती. पुढे श्रोते पांगले आणि पाने अडगळीत पडली. अशी पाने ज्यांनी जपली त्यांत कै. डॉ. दिनकर गंगाधर केळकर यांचे नाव आदराने घ्यावे लागते.

काकासाहेबांचा जन्म १० जानेवारी १८९६ रोजी झाला. पुण्यात त्यांचा चष्म्यांचा व्यवसाय होता, आणि ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविता लिहीत. संग्रहाचा छंद त्यांना तरुणपणीच, १९२० च्या सुमारास जडला. त्या काळी जुन्या वस्तूंचे मोल मानणारे लोक शस्त्रे, नाणी अथवा राजेरजवाड्यांच्या चिजा जमवीत. काकासाहेबांची दृष्टी मात्र माजघराकडे व ओसरीकडे वळली. दिवे, अडकित्ते, कुलपे, कुंकवाचे करंडे, पाय घासावयाच्या वज्र्या, वाद्ये, कोरीव दरवाजे, काचेवरील चित्रे व चित्रकथींची पाने, अशा सामान्य माणसाच्या हाताळणीतील वस्तू त्यांनी पायपीट करून मिळविल्या. कोथरूड येथील मस्तानी महालाचे अवशेषही त्यांनी आणवून आपल्या संग्रहालयात पुन्हा उभे केले. या साऱ्या खटाटोपात त्यांच्या सहधर्मचारिणी कमलाबाई यांची साथ अखंड होती.

या दांपत्यावर नियतीने कठोर आघात केला. त्यांचा पुत्र राजा बालवयातच निवर्तला. असा घाव बसल्यावर मनुष्य घराची कवाडे लावून घेतो. काकासाहेबांनी संग्रहास पुत्राचे नाव देऊन ती सर्वांसाठी उघडली. १९६२ मध्ये राजा दिनकर केळकर संग्रहालय नावारूपास आले. पुढे १९७५ मध्ये, सुमारे वीस हजार वस्तूंचे हे आयुष्यभराचे धन त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केले. १९८० मध्ये त्यांना ‘पद्मश्री’ने गौरविण्यात आले, आणि १७ एप्रिल १९९० रोजी त्यांचे देहावसान झाले.

हे चरित्र लिहिताना आम्हांस एक कबुली द्यावीशी वाटते. आमच्या वडिलोपार्जित वाड्याची वाटणी झाली तेव्हा आजीचा पितळी करंडा आम्हीच मोडीत घातला, आणि माजघरातील काचेवरचे चित्र चौकट किडली म्हणून टाकून दिले. त्या पितळेचे पैसे केव्हाच खर्ची पडले. आज नातवंडे आजीविषयी विचारतात तेव्हा दाखविण्यास हाती काही उरलेले नाही. आयुष्यभर मुलांना इतिहास शिकवूनही स्वतःच्या घरातील इतिहास आम्हांस दिसला नाही, ही खंत जन्माची आहे.

आपल्या अनेक कुटुंबांचे जुने वाडे आज पाडले जात आहेत व तेथे सदनिका उभ्या राहत आहेत. काळाचा तो ओघ अडविता येणार नाही. तथापि अडगळीतील डबा, पोथी अथवा चित्र रद्दीत देण्यापूर्वी ते घरातील वृद्धांना एकवार दाखवावे. ते कोणाचे, कशासाठी वापरीत व कोठून आले, हे एका कागदावर टिपून ठेवावे. घरी जागा नसल्यास योग्य संग्रहालयाकडे विचारणा करावी. पुण्यास जाणाऱ्या ज्ञातिबांधवांनी शुक्रवार पेठेतील काकासाहेबांचे संग्रहालय मुलाबाळांसह अवश्य पाहावे. तेथील एखाद्या दिव्यापुढे उभे राहून आपल्या घरीही असाच एक होता, असे कोणास आठवले, तर तो परत येताच माळा धुंडाळील, असा आम्हांस भरवसा वाटतो.