जनरल द गॉल आणि त्यांची धाकटी लेक

चार्ल्स द गॉल यांचा जन्म 22 नोव्हेंबर 1890 रोजी फ्रान्समधील लील शहरात झाला. सँ-सीर येथील सैनिकी अकादमीतून ते अधिकारी झाले. पहिल्या महायुद्धात ते तीनदा जखमी झाले. 1916 मध्ये व्हर्दँच्या लढाईत जर्मनांच्या हाती सापडल्यावर त्यांनी कैदेतून निसटण्याचे पुन्हा पुन्हा प्रयत्न केले.

1 जानेवारी 1928 रोजी त्यांची धाकटी मुलगी अ‍ॅन जन्मली. तिला डाऊन सिंड्रोम होता. अशा मुलांना संस्थेत ठेवून त्यांचा विषयही न काढण्याची तेव्हा रीत होती. द गॉल आणि त्यांच्या पत्नी इव्हॉन यांनी मात्र अ‍ॅनला घरीच, मोठ्या दोन भावंडांसोबत वाढवले. कडक शिस्तीचा हा उंचापुरा अधिकारी तिच्यासाठी गाणी म्हणे, नाचेसुद्धा. 1940 मध्ये फ्रान्स पडला आणि द गॉल यांनी लंडनहून लढा उभारला. तेव्हा इव्हॉन अ‍ॅनसह तिन्ही मुलांना घेऊन समुद्रमार्गे इंग्लंडला पोहोचल्या. युद्ध संपल्यावर या दांपत्याने मतिमंद मुलींसाठी अ‍ॅनच्या नावाने संस्था काढली.

6 फेब्रुवारी 1948 रोजी, विसाव्या वर्षी, अ‍ॅन न्यूमोनियाने गेली. द गॉल 1959 मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. त्याच वर्षी फ्रेंच संशोधकांनी दाखवून दिले, की या मुलांच्या पेशींत एकविसावे गुणसूत्र एक जादा असते. यात आईवडिलांचा काही दोष नसतो. 1970 मध्ये द गॉल वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे कोलोंबे या खेड्यात, अ‍ॅनशेजारीच त्यांना पुरले.

आपल्याकडे मुंबईत वकील दांपत्याने डाऊन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीसाठी 1944 साली शाळा सुरू केली. ती जय वकील शाळा आजही शेकडो मुलांना शिकवते.

या बाळांचे स्नायू सैल असतात, त्यामुळे दूध ओढताना ती लवकर दमतात. त्यांना थोडे थोडे, अनेकदा पाजावे. मोठे झाल्यावर ताठ बसवून, मऊ अन्नाचे लहान घास सावकाश भरवावेत. ठसका लागत असेल किंवा वजन वाढत नसेल, तर डॉक्टरांना दाखवावे; हृदय आणि थायरॉइडही तपासून घ्यावे.

रसमडा-भिलाईच्या एखाद्या घरीही असे मूल असेल. छात्रांनो, सुट्टीत घरी गेलात, की त्याला खेळायला बोलवा. 21 मार्च हा जागतिक डाऊन सिंड्रोम दिन आहे. पण मैत्रीसाठी त्या तारखेची वाट कशाला पाहायची?