न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी

मुंबईत बोरीबंदर, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर, एक जुनी दगडी इमारत उभी आहे. ही अंजुमन-ए-इस्लामची शाळा. ही शाळा उभी राहावी व नीट चालावी म्हणून काही माणसे वर्षानुवर्षे झटली. त्या कामाचा त्यांना पगार मिळत नव्हता. बद्रुद्दीन तय्यबजी हे त्यांपैकी एक होते.

बद्रुद्दीन यांचा जन्म १८४४ साली झाला. त्यांचे वडील व्यापारी होते. मुलांनी खूप शिकावे, अशी त्यांची इच्छा होती. बद्रुद्दीन आधी मदरशात उर्दू व फारसी शिकले. नंतर ते एल्फिन्स्टन विद्यालयात गेले. १८६० साली वडिलांनी त्यांना इंग्लंडला पाठवले. तेथे डोळ्यांच्या विकारामुळे त्यांचे शिक्षण मध्येच थांबले. ते काही काळ घरी परतले. पण त्यांनी जिद्द सोडली नाही. १८६७ साली ते बॅरिस्टर होऊन मुंबईत आले. मुंबई उच्च न्यायालयातील ते पहिले भारतीय बॅरिस्टर होते. थोड्याच वर्षांत त्यांची वकिली उत्तम चालू लागली.

त्या काळी अनेक मुसलमान कुटुंबांना इंग्रजी शाळेची धास्ती वाटे. तेथे गेलेला मुलगा आपला धर्म व आपली भाषा विसरेल, असे त्यांना वाटे. गरिबांपुढे फीचाही प्रश्न होता. त्यामुळे वकिली, डॉक्टरी व सरकारी नोकरी यांत मुसलमान तरुण फार थोडे दिसत. बद्रुद्दीन यांना याची चिंता वाटे. १८७४ साली त्यांनी थोरले बंधू कमरुद्दीन, मोहम्मद अली रोगे, मुन्शी गुलाम मोहम्मद आदी मंडळींसह अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली.

शाळा काढायची म्हणजे केवळ फळा व बाके आणायची नव्हेत. जागा मिळवावी लागते. देणग्या गोळा कराव्या लागतात. पैशाचा चोख हिशेब ठेवावा लागतो. चांगले शिक्षक नेमावे लागतात. काय शिकवायचे, हेही ठरवावे लागते. हे सारे काम कारभारी मंडळाचे असते. अंजुमनची शाळा १८८० साली सुरू झाली. तेथे इंग्रजीबरोबर उर्दू, फारसी व धर्मशिक्षणही ठेवले होते. त्यामुळे पालकांची धास्ती हळूहळू कमी झाली. पुढे शाळेला हक्काची जागा मिळाली. १८९० साली इमारतीचा पाया घातला गेला व १८९३ साली ती पूर्ण झाली.

बद्रुद्दीन आधी अंजुमनचे चिटणीस होते, पुढे ते अध्यक्ष झाले. याच काळात त्यांच्यावर इतरही मोठी कामे होती. १८८७ साली मद्रास येथे भरलेल्या काँग्रेसच्या तिसऱ्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. १८९५ साली ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. १८९७ साली राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांना त्यांनीच जामीन दिला. न्यायालयात त्यांच्या कामाचे मोल मिळे, अंजुमनच्या बैठकीत काहीच मिळत नसे. तरीही त्यांनी अंजुमनचे काम सोडले नाही. जे ते लोकांना सांगत, ते घरीही करत. त्यांनी आपल्या मुलींनाही शाळेत घातले. त्या काळी ही धाडसाची गोष्ट होती.

१९०६ साली लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. पण शाळा बंद पडली नाही. कारण ती एका माणसाच्या बळावर उभी नव्हती. तिचा कारभार मंडळाकडे होता. एक जाई, दुसरा त्याची जागा घेई. तीच अंजुमन आज अनेक शाळा व महाविद्यालये चालवते.

मुलांनो, शिक्षक आपल्याला रोज भेटतात. कारभारी मंडळातील माणसे मात्र क्वचितच दिसतात. आपल्या शाळेच्या कार्यालयात त्यांच्या नावांचा फलक असेल, तर तो एकदा थांबून वाचा. ज्यांची मुले आपल्या वर्गात नाहीत, अशीही काही माणसे आपल्यासाठी झटत असतात, हे तुमच्या ध्यानात येईल.